राखणदाराच्या झाडाखालची ए.डी.

ती केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही, आणि जावी अशी माझी इच्छाही नाही. निवृत्त माणसाने जुनं उगाळत बसू नये, सकाळी फिरायला जावं, चार झाडं लावावीत, असा सल्ला घरचे मला देतात. मी फिरायला जातो. पण मांडवीकडे चालताना आंब्याच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो शेजारून गेला, की पावसच्या बाजूची ती बाग आठवते, ते झाड आठवतं, आणि पदर खोचून माझ्या टेबलासमोर उभी राहिलेली ती बाई आठवते. नाव मी कुणाचंच घेणार नाही. ज्यांना झोंबायचं त्यांना नावाशिवायही झोंबेल.

आमचं खातं अक्षरांवर चालतं. मी ए.पी.आय., म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक झालो तेव्हा माझी आई म्हणाली, "पी.आय.पेक्षा एक अक्षर जास्त, म्हणजे वरचा साहेब झालास ना?" एक अक्षर वाढलं की माणूस एक पायरी खाली येतो, हे तिला समजावताना माझी पुरेवाट झाली. पी.सी. म्हणजे शिपाई आणि पी.सी. म्हणजे पोलीस कोठडीसुद्धा. एम.सी. म्हणजे न्यायालयीन कोठडी. फरक एवढ्याशा अक्षराचा, पण त्यासाठी वकील कोर्टात घसा कोरडा करतात. एन.सी. घेतली की लोकांना वाटतं तक्रार झाली, आता पोलीस येतील. कोणी येत नाही, कारण एन.सी. म्हणजे अदखलपात्र. तपास सुरू होतो तो एफ.आय.आर.ने. आणि ए.डी. म्हणजे अकस्मात मृत्यू. ही अक्षरं कामाच्या सोयीसाठी आहेत. पण नोकरीभर मी पाहिलं, की माणसं त्यांच्या आडोशाला बसतात. बाहेरची बसतात तशी आमच्यातलीही बसतात.

मी तेव्हा रत्नागिरी तालुक्यातल्या एका लहान पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. वैशाख होता, आंब्याचा हंगाम भरात होता. पावसच्या बाजूच्या एका वाडीला लागून कलमांची मोठी बाग होती. बागेचा मालक मुंबईला, आणि बाग हंगामापुरती एका ठेकेदाराने घेतलेली. हा ठेकेदार घाटावरचा. त्याचा मुकादमही त्याने आपल्या गावाकडून आणला होता. बागेचं रोजचं काम मात्र वाडीतला एक गडी बघत असे. पन्नाशीकडे झुकलेला, लहानपणापासून त्याच बागेत राबलेला माणूस. एका सकाळी तो बागेतल्या एका जुन्या झाडाखाली मेलेला सापडला. डोक्याला मार होता. बाजूला घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली लांब काठी होती. काढणीची बाकी माणसं त्या दिवशी दुसऱ्या बागेत गेलेली.

मुकादमाने ठाण्यात येऊन खबर दिली: पहाटे आंबे काढायला चढला, पाय सटकला, डोक्यावर पडला. रात्रीची उतरली नव्हती त्याची, अशी पुरवणीही त्याने आपणहून जोडली. मी त्या वेळी बंदोबस्तासाठी गुहागरला होतो. आमच्या बीट हवालदारांनी जागेवर जाऊन पंचनामा केला. पंच म्हणून ठेकेदारानेच कुठलीशी दोन माणसं आणून उभी केली. प्रेत शवविच्छेदनाला गेलं, ए.डी. दाखल झाली. रीतसर झालं सगळं.

मी परत आल्यावर सकाळची हजेरी चालू असतानाच ती बाई ठाण्यात आली. मेलेल्या गड्याची बायको. ठाणे अंमलदार तिला बाकावर बसायला सांगत होते आणि ती बसत नव्हती. सरळ माझ्या टेबलाशी आली.

"सायब, ह्ये ए.डी. म्हंजे काय ओ?"

मी सांगितलं, अकस्मात मृत्यू.

"मला पोस्टातली ए.डी. म्हाईत हाय," ती म्हणाली. "रजिस्टर पाठवलं की समोरच्याची सही होऊन पोच परत येते. माजा मानूस तुमच्या गाडीतनं गेला. त्याची पोच कोन देनार मला?"

ठाणे अंमलदार हसले. मी त्यांच्याकडे बघितल्यावर थांबले.

"अकस्मात म्हंजे आपोआप?" तिने पुढे विचारलं.

"नाही. अकस्मात म्हणजे कारण अजून ठरलेलं नाही. आम्ही चौकशी करून ठरवायचं असतं."

"मग ठरवा," ती म्हणाली. "हे झाडावरनं पडले नायत. हे त्या झाडावर चढलेच नायत. ते राखनदाराचं झाड हाय."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. इथे जमिनीला, बागेला एक राखणदार असतो असं लोक मानतात. त्याची जागा ठरलेली असते. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची, म्हणजे नारळ ठेवायचा, मान द्यायचा. त्या बागेत हे जुनं झाड राखणदाराचं होतं. त्याचे आंबे कोणी उतरवत नसे. खाली पडतील ते उचलायचे, एवढंच. आणि दरवर्षी तिथे नारळ ठेवायचं काम याच गड्याकडे होतं.

खरं तर एवढ्यावरूनच वाडीला शंका यायला हवी होती. पण वाडीने उलटाच हिशेब मांडला. हा त्या झाडावर चढला, म्हणून राखणदाराने त्याला खाली टाकला, असा गावाचा निकाल झाला होता. मुकादम म्हणतो तो चढला, पोलिसांच्या कागदावर आहे तो पडला, आणि का पडला हे सांगायला गाव बसलेलंच होतं. बाईला निरोप आला, की घराने प्रायश्चित्त करावं, राखणदाराच्या जागेवर सगळ्यांसमोर चूक कबूल करावी. नाही केलं तर शिमग्याला देवाची पालखी तिच्या दारात येणार नाही.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. देव स्वतः दारात येतो. मुंबईला नोकरी करणारे तेवढ्यासाठी रजा टाकून येतात. ज्याचं दार पालखी टाळते, तो गावात राहूनही गावाचा उरत नाही. मी साताऱ्याकडचा माणूस, पण रत्नागिरीत इतकी वर्षं काढल्यावर हे मला ठाऊक होतं.

"करून टाका की," ठाणे अंमलदार समजुतीने म्हणाले. "एक नारळ फोडायचा, हात जोडायचे. गावाशी कशाला वैर?"

बाईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते स्टेशन डायरीत काहीतरी शोधायला लागले.

"हात जोडले म्हंजे हे चढले होते असं मीच बोलले ना? ज्या मानसानं जन्मभर तिथं नारळ दिलान, त्याला मेल्यावर मी चोर ठरवू? आनी दारुडा? नाय जमायचं. पालखी नाय आली तरी चालंल. पन माज्या तोंडातनं ते येनार नाय."

मला ती बाई पटली. पुरावा काहीच नव्हता, पण पटली. खोटं बोलणारा माणूस समोरच्याचा चेहरा वाचत बोलतो. ही बाई मला काय वाटतंय याची पर्वाच करत नव्हती.

मी बीट हवालदारांना बोलावलं. तेही याच जिल्ह्यातले, संगमेश्वरकडचे, नोकरीत मुरलेले. त्यांना विचारलं, तुम्हाला ते झाड कुणाचं आहे हे ठाऊक होतं का?

"व्हय सायब. वाडीतले बोलत होते तितंच."

"मग तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. चढला असंल, म्हनून तर गेला. राखनदाराचं काय सांगता येत नाय सायब."

"असं करू हवालदार," मी म्हणालो, "आरोपी म्हणून राखणदाराचंच नाव घालू. वय, धंदा, राहणार, एवढं तुम्ही मला विचारून द्या."

रागावून उपयोग नव्हता. मी त्यांना जीपमध्ये घातलं आणि बागेत गेलो.

ऊन चांगलंच तापलं होतं. झाड मोठं होतं, जुनं होतं, पण माझ्यासारख्याला बाकीच्या झाडांपेक्षा वेगळं दिसावं असं त्यात काही नव्हतं. खाली पाचोळा. पाचोळ्यात जांभ्या दगडाचा एक बुटका चिरा. ना शेंदूर, ना झेंडा, ना घंटा. चालताना बुटात खडा गेला होता, म्हणून मी त्या चिऱ्यावर टेकायला गेलो, आणि हवालदारांनी माझा दंड असा काही धरला की मी पडता पडता राहिलो. हाताखालच्या माणसाने साहेबाला असं ओढणं आमच्या खात्यात बसत नाही.

"सायब, तितं नको!"

"का?"

"ती जागा हाय त्याची."

मी त्या चिऱ्याकडे बघत राहिलो. मला तो दिसलाच नव्हता. म्हणजे दगड दिसला होता, जागा दिसली नव्हती. वाडीतलं शेंबडं पोरदेखील याच्यापासून हातभर लांबून जात असणार, आणि मी त्याच्यावर बसायला निघालो होतो.

"हवालदार, पंचनाम्याच्या दिवशी ती घळ कुठे होती?"

"इतंच सायब. ह्या चिऱ्याला टेकवून ठेवलेली..."

बोलता बोलता ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. वाडीतला कोणीही माणूस, दारू पिऊन का असेना, राखणदाराच्या चिऱ्याला आपली काठी टेकवणार नाही. जो दरवर्षी तिथे नारळ ठेवतो तो तर नाहीच नाही. काठी तिथे ठेवणाऱ्याला तो नुसता दगड वाटला होता. माझ्यासारखाच. म्हणजे ज्याने ही मांडणी केली तो इथला नव्हता, आणि त्या बागेत इथले नसलेले दोघंच होते.

मग आम्ही बागेच्या कडेने चालत गेलो. कडेला गडगा होता, म्हणजे जांभ्या दगडाची बिनचुन्याची भिंत. ती राखणदाराच्या झाडापासून लांब नव्हती. गडग्यावर काठ्या उभ्या केलेल्या होत्या आणि प्रत्येक काठीला काचेच्या बाटलीचं तोंड बांधलेलं होतं. तार कुठेच नव्हती. एका ठिकाणी गडग्यालगतचं गवत जळून काळं पडलं होतं. रानडुकरं आणि वानरं बागेत येऊ नयेत म्हणून काही जण काय उद्योग करतात हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. उघडी तार ओढायची, तिच्यात थेट वीज सोडायची, उजाडलं की बंद करायची. बाटलीची तोंडं त्या तारेसाठीच होती, वीज काठीत उतरू नये म्हणून. ज्याने तार काढली त्याने घाईत ती सोडून दिली होती.

तिथून मी रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात गेलो. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी मृत्यूच्या कारणाबद्दल मत राखून ठेवलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना टोमणेही ऐकावे लागले होते. झाडावरून पडला, त्यात राखून काय ठेवायचं, असं कुणीतरी सुनावलं होतं. त्यांनी मला सांगितलं, डोक्याच्या जखमेतून म्हणावं तसं रक्त आलेलं नाही, ती मेल्यानंतरचीही असू शकते. आणि तळहातावर लहानशी, कडक, पांढुरकी खूण आहे. तेवढ्या कातडीचा तुकडा त्यांनी तपासणीला पाठवला होता. पोटात दारूचा वाससुद्धा नव्हता.

"विजेची खूण आहे का?" मी विचारलं.

"अहवाल आल्याशिवाय मी लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही थांबू नका."

मी थांबलो नाही. मुकादमाला बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. पोलीस म्हणजे पट्टा, अशी लोकांची समजूत आहे. पट्ट्याने माणूस बोलतो हे खरं, पण काय बोलेल याचा नेम नसतो. मी त्याला बोलू दिलं. खरं सांगणारा माणूस विसरतो, अडखळतो, आठवत नाही म्हणतो. खोटं सांगणारा भर घालत जातो. मुकादमाने आधी सांगितलं होतं, चढताना बघितलं नाही, पडल्यावर बघितलं. आता तो म्हणाला, चढतानाही बघितलं. मग म्हणाला, रोजच बघायचो, त्याच झाडावर तो रोज चढायचा.

"दाखवता का जागेवर येऊन?" मी म्हणालो.

दाखवतो म्हणाला. त्याला वाटलं एवढ्यावर सुटका होईल.

या वेळी पंच मी निवडले. त्यात एक वाडीचे गावकर होते. गावकर म्हणजे देवाच्या कामात ज्याचा शब्द चालतो तो मानकरी. पालखी बंदचा निरोप ज्यांनी धाडला तेच हे. बाईला मी बोलावलं नव्हतं, पण ती आली आणि गडग्यापाशी उभी राहिली. तिला हटवायला कोणी धजावलं नाही.

झाडाखाली आल्यावर मी मुकादमाला म्हणालो, "तो कसा चढायचा, तसंच करून दाखवा."

मुकादम पुढे झाला. चपला पायात तशाच. त्याने एक पाय उचलला आणि सरळ त्या चिऱ्यावर ठेवला. जोर देऊन फांदीकडे हात नेला.

"असा. ह्या दगडावरनं चढायचा."

वाडीतली माणसं एकदम मागे सरली. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. मुकादमाला कळेना काय झालं ते.

"कशावर पाय ठेवलाय तुम्ही?" मी विचारलं.

"दगडावर."

"कसला दगड?"

"दगड म्हणजे दगड साहेब. काय असतं त्यात?"

"आणि तो रोज ह्याच्यावर पाय ठेवून चढायचा?"

"रोज."

"खोटं!" गावकर ओरडले. म्हातारा माणूस, पण आवाज बागभर गेला. "सायब, ह्यो खोटं बोलतो! आमच्यातला मानूस मेला तरी तितं पाय ठेवनार नाय!"

गडग्यापाशी उभी असलेली बाई तिथूनच म्हणाली, "मग मी काय बोलत होते ओ गावकर? माजं ऐकायला तुमचे कान कुटं गेले होते?"

गावकरांनी मान फिरवली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

ठाण्यात परत आल्यावर मुकादमाने पाणी मागितलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "साहेब, मी फक्त पाय धरले होते. डोक्याकडनं मालकांनी उचललं." मालक म्हणजे ठेकेदार. मग पुढचं आलं. पहाटे तार चालू राहिली होती. गडी नेहमीप्रमाणे लवकर बागेत आला आणि गडगा ओलांडताना तारेला चिकटला. हे दोघे पोचले तेव्हा तो गेलेला होता. तार उघडी पडली तर सगळंच गेलं, म्हणून प्रेत गडग्यावरून अलीकडे घेतलं, ते हातातून सुटलं आणि डोकं दगडावर आपटलं. त्यातच ठेकेदाराला सुचलं, की झाडावरून पडला म्हणावं. जवळ जे मोठं झाड दिसलं त्याच्याखाली ठेवून दिलं.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे वाचकांना माहीत असेल. पण आरोपीने दाखवून दिलेली वस्तू टिकते. मुकादमाने पंचांसमोर बागेतल्या पडक्या विहिरीतून तारेचं भेंडोळं काढून दिलं. त्याचा मेमोरंडम पंचनामा झाला. बाईची फिर्याद घेतली. ए.डी.चा सी.आर. झाला, म्हणजे अकस्मात मृत्यूचा गुन्हा झाला. मुकादमापाठोपाठ ठेकेदार अटकेत आला.

इथून खरी लढाई सुरू झाली, कारण आता एका अक्षराचा प्रश्न होता. तेव्हा जुना कायदा होता. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर कलम तीनशे चार अ. जामीन लगेच, शिक्षा झालीच तर दोन वर्षांपर्यंत, नाहीतर दंड. आणि आपल्या कृत्याने जीव जाऊ शकतो हे ठाऊक असूनही ते केलं, तर कलम तीनशे चार, पुढे अ नाही. तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. आता नवीन कायद्यात आकडे बदललेत, पण माणसं तीच आहेत.

ठेकेदाराला राजकारणातल्या एका मोठ्या घरात ये-जा होती. आधी एक गृहस्थ चहाला आले आणि माझ्या बदलीची काळजी करू लागले. मी म्हणालो, "आमच्या घरात सामान कमी आहे, बायकोला बांधायची सवय आहे." मग वरिष्ठांचा फोन आला.

"अरे, बिचाऱ्याचा हेतू काय मारायचा होता का? डुकरांसाठी लावली होती तार. एक अ लाव आणि मोकळा हो."

"सर, लेखी आदेश द्या. मी लगेच अ लावतो."

त्यांनी फोन ठेवला. लेखी आदेश कधीच आला नाही.

पण नुसत्या ताठ मानेने कलम लागत नाही. त्याला ठाऊक होतं हे सिद्ध करायला हवं. मी वाडीत गेलो, लोकांना देवळासमोर बसवलं आणि विचारलं, या तारेने आधी काही झालं होतं का? सगळे गप्प. अशी शांतता मी ओळखतो. तिच्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

बाईच बोलली. "गावकर, तुमची पाडी कशानं मेली ओ?" पाडी म्हणजे कालवड.

गावकर उठून उभे राहिले. मग म्हणाले, "पाडव्याच्या सुमाराला माजी पाडी त्या तारेला चिकटून मेली सायब. मी गेलो होतो ठेकेदाराकडं. मानूस मरंल म्हनून सांगितलं त्याला. तार काढतो म्हनून शब्द दिलान."

"आणि तुम्ही?"

"आमाला वाटलं काढलान."

"आणि हा माणूस मेल्यावर?"

गावकर परत खाली बसले. उत्तराची गरजही नव्हती. तारेची शंका मनात येत असताना राखणदाराचं नाव घेणं सगळ्यांना सोपं गेलं होतं. आम्ही ठाण्यात ए.डी. लिहून बसलो, तसे ते राखणदाराचं नाव घेऊन बसले. चूक मेलेल्याची ठरली की जिवंत माणसाला काही करावं लागत नाही.

"जबाब द्याल?" मी विचारलं.

"देतो," गावकर म्हणाले. "लिवा. माज्याच तोंडचं लिवा." आणि त्यांनी जबाब दिला, दंडाधिकाऱ्यांसमोरही दिला, आणि दबाव आला तरी फिरवला नाही. म्हाताऱ्याला त्याचं श्रेय मी देतो.

कातडीच्या तुकड्याचा अहवाल आला, त्यात विजेचाच धक्का होता. दोषारोपपत्रात मी तीनशे चार लिहिलं आणि पुरावा नष्ट केल्याचं कलम जोडलं. अ लावला नाही. दोषारोपपत्र कोर्टात गेलं आणि पाठोपाठ माझी बदली आली. बायकोने सामान बांधलं.

पुढे साक्षीसाठी मी कोर्टात आलो तेव्हा बचावाच्या वकिलांनी मला हसत विचारलं, "साहेब, तुमचा भुताखेतांवर विश्वास आहे का?"

"माझा नाही," मी म्हणालो. "मयताचा होता. तपासाला तेवढं पुरलं."

ठेकेदाराला शिक्षा झाली, अ नसलेल्या कलमाखाली. त्याने अपील केलं आहे, तो त्याचा हक्क आहे. मला विचाराल तर या केसने मला शिकवलं ते एवढंच, की कागदावर घातलेलं अक्षर आणि गावाने दिलेलं नाव, दोन्ही सारख्याच निर्दयपणे माणसाला चिकटतात, आणि कोणीतरी हट्टाने उभं राहिल्याशिवाय निघत नाहीत. माझा हट्ट पगारी होता. तिचा तसा नव्हता.

तिचा निकाल कोर्टाच्या आधीच लागला होता. दोषारोपपत्रानंतरच्या शिमग्याला मी रजा काढून, साध्या कपड्यांत वाडीत गेलो. ढोल वाजत पालखी तिच्या अंगणाच्या तोंडाशी आली. प्रायश्चित्ताचं नाव आता कोणी काढत नव्हतं, झालं गेलं विसरा असा सगळ्यांचा सूर होता. ती दारात आली, हातात ओटीचं ताट होतं, आणि तिने पालखी तिथेच थांबवली.

"गावकर, आदी गाऱ्हानं घाला. सगळ्यांच्या देखत. मग देव आत येऊ दे."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं म्हणणं. गावकर बोलतात आणि गाव होकार भरतं. ढोल थांबले. गावकरांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरचा मानूस तुज्या राखनदाराच्या झाडावर चढला नव्हता. तो दारू प्यालेला नव्हता. त्याला मानसानं मारलान. आनी आमी गावानं त्याच्यावर आळ घेतला, तो आमचा आमी परत घेतो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका आवाजात म्हणाली.

"परत बोला," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकायला गेलं नाय."

गावकर परत बोलले. गाव परत ओरडलं, या वेळी अधिक मोठ्याने, आणि त्यात माझाही आवाज होता. मग ती बाजूला झाली आणि देव तिच्या दारात आला.